ग्रिलची खालची झडप

बाबांची उजवी बाजू गेली आणि मी हैदराबादेतली कॉफीच्या दुकानातली नोकरी सोडून आदिलाबादकडे, बेल्याजवळच्या आमच्या गावी आलो. महिनाभरासाठी म्हणून आलो होतो. दुसरी दिवाळीही गेली. आई नाही, बहीण लग्न होऊन किनवटला. बाबांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, सगळं माझ्याकडे. किराण्याच्या दुकानापलीकडे गेलो की जीव मागे ओढायचा. खोटं काऊन बोलू, दावणीच्या बैलालाही दिवसातून एकदा वावर दिसतं.

अशात जुन्या मालकाचा फोन आला. कॉफीच्या बिया भाजायला माणूस हवा होता. कच्च्या बिया पाठवतो, घरी भाजून नमुना दे, जमलं तर जागा तुझी, म्हणाला. मी तर हवेतच. त्याच दिवशी बहिणीला फोन लावला आणि बाबांना काही दिवस तिच्याकडे ठेवायचं विचारलं. ती लगेच हो म्हणाली. बाबा खाटेवर पडून होते. झोपलेत असं मला वाटलं.

आदिलाबादच्या वेल्डरकडून तेलाच्या पिंपाचं ग्रिल करून आणलं. आत जाळीचा डबा, बाहेरून फिरवायला दांडा, खाली हवेसाठी सरकती झडप. सुरुवातीला मी हुरड्याच्या सवयीनं गेलो. आमच्याकडे हुरडा गोवऱ्यांच्या आगटीत पुरून भाजतात, वरून राख ओढतात, वारा लागू देत नाहीत. तसंच सगळं बंद करून ठेवलं. बिया भाजल्या नाहीत, उकडल्या. कॉफी प्यालो तर तोंडात धूर आणि ओल्या पोत्याची चव. मग झडप सताड उघडली. निखारे फुलले, बियांची सालपटं पेटली, बाहेरून काळं आणि आतून कच्चं. घ्या.

शेवटी झडप अर्धी ठेवायची हे कळलं. आच चढू द्यायची, पण धूर कोंडू द्यायचा नाही. बिया पिवळ्या पडायच्या, भाकरी शेकल्यासारखा वास यायचा, तडतड सुरू व्हायच्या बेतात असायची. तेवढ्यात मी बिया गार करायला सूप आणायला आत जायचो आणि परत येईतो आच मेलेली. दर वेळी हेच. बिया पुन्हा उकडलेल्या. कोळसा बदलला, डबा बदलला, स्वतःलाच शिव्या घातल्या. ग्रिलजवळ खुर्चीत बसून बाबा म्हणायचे, राहू दे, आपल्या हाताचं काम नाही ते. मला संताप यायचा. या माणसाच्या अंगणात मी कुजून जाणार, असं सरळ वाटायचं.

एकदा सूप आदल्या दिवशी ओट्यावरच राहिलं होतं. ते दारातच हाताला लागलं आणि मी लगेच वळलो. बाबा डाव्या हातातली काठी लांबवून झडप ढकलत होते. काठी दोनदा सटकली, पण त्यांनी ती शेवटपर्यंत बंद केली. मग काठी मांडीवर घेऊन समोर बघत बसले.

हुरड्याची सवय, असं मी मनाची समजूत घालायला निघालो होतो. पण त्यांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली.

"बाबा, काऊन?"

तोंड वाकडं झाल्यापासून त्यांना शब्द जुळवावे लागतात.

"पोरीच्या घरी म्या कधी पानी नाही पेलं," ते म्हणाले. "आता तिनं मले मुतायले न्यावं का? जावयासमोर?"

माझ्या हातात सूप होतं. ते त्यांच्या अंगावर फेकावं असं वाटलं, हे लपवत नाही. मला कोंडून घातलं होतं या माणसानं, आणि त्याला स्वतःला खुर्चीतून उठता येत नव्हतं. डब्यात बिया थंड होत चालल्या होत्या. मी सूप खाली ठेवलं. त्यांची लघवीची वेळ झाली होती. काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि आम्ही हळूहळू मोरीकडे निघालो.

मोरीच्या उंबऱ्यावर ते थांबले. "उद्या पुन्हा भाज," म्हणाले. "मी नाही हात लावत."

"जमत नाही ते, बाबा," मी म्हणालो, आणि त्यांच्या पायजम्याची नाडी सोडली.