मुश्ताकची सॅक माझ्या पाठीवर

“तू हो पुढं, मी आलोच.” मुश्ताक माझ्याशी बोलला ते एवढंच शेवटचं. घाटाच्या अर्ध्या चढावर सावलीतल्या दगडावर बसून तो रुमालानं मान पुसत होता. चार दिवसांच्या आमच्या भटकंतीचा तो तिसरा दिवस. वरच्या टाक्यावर पाणी भरायला आम्ही तिघं पुढे गेलो. बराच वेळ तो येईना, म्हणून हाका मारत खाली उतरलो, तर तो तसाच दगडाला टेकून बसलेला... पण गेलेला.

याला सहा आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, नशीबवान माणूस, आवडत्या डोंगरात गेला. मला तसं म्हणवत नाही. मला त्याचा राग आला आहे, आणि मेलेल्या माणसावर रागावणं बरं नव्हे, हे कळूनही तो जात नाही.

मुश्ताक श्रीवर्धनचा, सुपारीचा व्यापारी. मी थळच्या कारखान्यात नोकरीला. नंदू आणि त्याचा धाकटा भाऊ धरून आम्ही चौघं बावीस वर्षं दर थंडीत सह्याद्रीतल्या घाटवाटा तुडवत आलो. पहिल्याच वर्षी या पठ्ठ्यानं सॅकमध्ये चार असोले नारळ भरले, ‘घरच्या वाडीतले’ म्हणून, आणि पहिल्याच चढावर गोड बोलून ती सॅक माझ्या गळ्यात मारली. तेव्हा नंदूनं नियम केला, सॅक आपली आपण भरायची, पण उचलायची जोडीदाराची. म्हणजे भरताना जरा लाज वाटेल. दुसरा नियम माझ्यामुळे झाला. मुश्ताकच्या सॅकमधले खजुराचे लाडू मी वाटेत फस्त केले होते, म्हणून विचारल्याशिवाय जोडीदाराची सॅक उघडायची नाही. हे दोन्ही नियम आम्ही देवाच्या नेमासारखे पाळले.

यंदा तो मागे पडत होता. मी थट्टा केली, “सुपारीच्या गोण्यांवर बसून बसून जड झालास.” तो हसला. तेव्हा तरी बोलायचं होतं त्यानं.

दफनानंतर चौथ्या दिवशी मी त्याची सॅक घेऊन श्रीवर्धनला गेलो. झुबेदाभाभींनी ती मांडीवर घेतली, न बघता बाजूच्या कप्प्याची चेन ओढली आणि गोळ्यांची पट्टी काढली. एकही गोळी कमी नव्हती. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या.

“डॉक्टर नको बोलला होता, तरी मी जाऊ दिला,” त्या म्हणाल्या. “हे बोलले, दिलीपला सगला ठाव हाय, माझी सॅक त्याच्याच पाठीवर असते. भाऊ, मंग का न्हाय दिल्यात?”

मला माहीत नव्हतं म्हटलं असतं, तर त्यांचा नवरा त्यांच्याशी खोटं बोलून गेला, हे त्यांना त्याच घरात, इद्दतीच्या सुतकात बसून ऐकावं लागलं असतं. मी खाली मान घालून चहा प्यायलो आणि उठलो. त्यांनी पुन्हा या म्हटलं नाही.

त्यानं मला सांगितलं असतं, तर मी त्याला नेला नसता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर सांगितलं नाही. चार दिवसांच्या चालण्यासाठी त्यानं बावीस वर्षांची दोस्ती वापरली. आणि त्या दगडावर बसलेला असतानासुद्धा, औषध माझ्या पाठीवर, हाताच्या अंतरावर असताना, मला म्हणाला, तू हो पुढं...

माझी सॅक त्याच्या पाठीवर होती. ती आता आमच्या दाराआड खुंटीला आहे. त्याचे खांदे माझ्याहून रुंद, म्हणून तो पट्टे सैल करून घ्यायचा. ते अजून तसेच सैल आहेत. परवा एकदा घालून पाहिली, तर खांद्यावरून घसरली. पट्टे आवळायला हात गेला आणि मागे आला.

भाभी, तुमच्याकडे हा पेपर येतो, मला माहीत आहे. सहा आठवडे मी त्याची बाजू सांभाळली. आता होत नाही. मला ठाऊक नव्हतं, भाभी. एका शब्दानं बोलला नव्हता तो मला.