पुढची जागा

पेट्रोलचा वास आला की मला अजून राग येतो. सोलापूरहून टेंभुर्णीला उतारू नेणाऱ्या खाजगी सर्व्हिस मोटारीत ड्रायव्हरशेजारची जागा मी आदल्या दिवशीच ठरवली होती. सकाळी बघतो तर तिथे एक वकील बसलेले. मी चादरींचं गाठोडं मोटारीपुढे टाकलं आणि त्यावर ठाण मांडलं. बाजार चुकला तरी बेहत्तर. मागचे उतारू ओरडू लागले.

ड्रायव्हर अब्दुलचाचांनी इंजिन बंद केलं आणि ते गाठोड्यावर माझ्या शेजारीच येऊन बसले. "जागा तुमचीच हाय, शेठ. बोला, सगळं बोला."

मी कसला शेठ! दारोदार चादरी विकणारा पोरगा. बोललो भरपूर. चाचा नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिले. समोरून भांडणच येईना, तेव्हा माझा आवाज आपोआप उतरला.

मग ते हळूच म्हणाले, "वकिलास्नी उठवतो की. पण मागं बसलं की त्यांना उलटी होती, आन् तुमच्या चादरी तितंच ठेवायच्या हायेत."

सगळी मोटार हसली. मीही हसलो आणि मुकाट्याने मागे जाऊन बसलो. बाजार गाठला.

जागा माझीच होती, हे मी आजही म्हणतो. पण आता माझ्या स्वतःच्या दुकानात कोणी तणतणत आला, की मी गादीवरून उतरून त्याच्या शेजारी बसतो. बहुतेक जण बोलता बोलता चहा घेतात.