उपास आणि डोळ्यातला थेंब

किस्से कुठल्याही नोकरीत साठतात. माझे जरा जास्तच साठलेत, कारण मी पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात काउन्सेलर आहे आणि कोन गावचं माझं अख्खं सासर मोतीबिंदूसाठी माझ्याच दवाखान्यात आलं. ऑपरेशननंतर कुठला थेंब कधी, कसा घालायचा हे पेशंटला समजावणं, हे माझं काम. बाकीचा स्टाफ पेशंटचे किस्से हसत सांगतो. मी माझे मान खाली घालून सांगते.

*

सुरुवात माझ्या सासऱ्यांनी, आबांनी केली. त्यांनी सूज उतरवणारे थेंब अगदी वेळेवर घातले. कोर्स संपल्यावर "उरलेली बाटली फेकून द्या" असं मी बजावलं होतं.

पुढे एक दिवस आमचे शेजारी लाल डोळा घेऊन ओपीडीत आले. "किती दिस हाच घालतोय, फरक नाय," म्हणत त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. वर आबांचं नाव!

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "हे कोणी दिलं?"

"हिच्या सासऱ्यानं. बोलला, घरचाच दवाखाना हाय."

त्यात स्टेरॉइड होतं. डॉक्टरांना न विचारता घातलं तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, हे वाक्य मी दिवसभर लोकांना ऐकवते. त्या दिवशी मॅडमनी ते मला ऐकवलं, भर ओपीडीत.

*

मग थोरले दीर आले. भाऊजींचे जमिनीचे व्यवहार, त्यामुळे सगळी घाई. थेंब गाडीच्या आरशात बघून घालायचे.

"दोन थेंबांच्या मध्ये पाच मिनिटं थांबता ना?" मॅडमनी विचारलं.

"कशाला? दोनी एकदम टाकले की काम झाला."

"अहो, दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. आणि बाटलीचं तोंड डोळ्याला लागत नाही ना?"

"टेकवल्याबिगर नेम कसा बसल?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "तुम्हाला हे कोणी समजावलं नाही का?"

भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं समजावला ना. पन घरच्या मानसाचा कोन आयकतो?"

*

आबांच्या बहिणीचं, जासईच्या आत्यांचं, वेगळंच. ऑपरेशनआधी मॅडमनी विचारलं, "दमा आहे का? दुखण्याच्या गोळीचा त्रास होतो?" काही दमेकऱ्यांना वेदनाशामक जातीचे थेंबही बाधू शकतात, म्हणून विचारावं लागतं.

आत्यांच्या पर्समध्ये दम्याचा पंप होता. पण शेजारी होणाऱ्या विहीणबाई बसल्या होत्या, विचारपूस करायला आलेल्या. लेकीचं लग्न अजून ठरायचं होतं.

"मना काय नाय," आत्या म्हणाल्या.

मी कानाशी लागून म्हटलं, "आत्या, दमा सांगा ना."

त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दमा हिच्या आईला हाय."

विहीणबाई गेल्यावर मी मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी थेंब बदलून दिला. माझी आई मात्र त्या घरात अजून दमेकरी आहे.

*

सासूबाईंच्या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. आईंचा एक डोळा लहानपणीच अधू झालेला. सगळी मदार दुसऱ्यावर, आणि ऑपरेशन त्याच डोळ्याचं. मी सकाळी ड्यूटीला निघताना "थेंब घालाल ना?" विचारायचे, त्या "हो" म्हणायच्या.

तपासणीला मॅडमनी मशीनमधून पाहिलं. डोळ्यात सूज होती. "एवढे थेंब घालूनही उतरत नाही म्हणजे औषध वाढवावं लागेल."

मी पुन्हा विचारलं, "आई, रोज घालता ना?"

"घालते ना." मग पदर सारखा करत हळूच म्हणाल्या, "उपासाचे दिस सोडून."

श्रावण चालू होता. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी!

"थेंब घशात उतरतो," आई म्हणाल्या, "कडू लागतो. उपास मोडल ना."

"मावशी, धड डोळा हा एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "हाही गेला तर?"

आईंचा चेहरा उतरला. "हिला बोलू नका. ही रोज इचारते. मीच हो बोलायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुगर, बीपी, दमा, सगळं मी विचारते. उपास कधी कुणाला विचारलाच नव्हता, आणि माझी लाज झाकायला आई पुढे झाल्या होत्या.

मॅडमनी औषध वाढवलं नाही. आहे तेच एकही दिवस न चुकवता घालायला सांगितलं. थेंब घालून डोळा मिटायचा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात फारसं उतरत नाही, हे त्यांनी आईंना तिथेच करून दाखवलं.

पुढच्या तपासणीला सूज उतरली होती. मी कागद घेऊन बाहेर आले, तर आई बाकावर, शेजारी काळा चष्मा लावलेली एक म्हातारी. तिचा आवाज रडवेला होता. "माझा तर गुरुवार कडक असतो गो."

आई तिच्याकडे सरकल्या.

"पैले हात धू. थेंब टाक, मंग हा कोपरा धरून ठेव," आणि माझी नजर चुकवून हलक्या आवाजात म्हणाल्या, "देवाला कलत पन नाय."