आवाजाची खात्री

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी अकोले गावी पाटबंधारे खात्यात वायरलेस ऑपरेटर होतो. मूळचा कोपरगावचा, उसाच्या सपाट मुलखात वाढलेला. इथले डोंगर आणि महिना महिना न थांबणारा पाऊस अंगवळणी पडायला वेळ लागला. काम मात्र अवघड नव्हतं. वर डोंगरात एक धरण होतं आणि तिथं आमच्याच खात्याचा एक ऑपरेटर. पावसाळ्यात तो दर तासाला पाण्याची पातळी सांगायचा, मी ती वहीत लिहायचो. धरणातून पाणी सोडायचं असलं की तो आधी मला कळवायचा आणि मी तहसील कचेरीला व नदीकाठच्या गावांना.

त्या माणसाला मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. तो काष्टीकडचा, निवृत्तीला आलेला, घर तिकडेच ठेवून धरणावर एकटा राहणारा, एवढं मला माहीत होतं. सेटवर तो मला ‘अकोले’ म्हणायचा, मी त्याला ‘धरण’. त्याचा आवाज खणखणीत होता, एकेक शब्द सुटा. हजार माणसांत ओळखला असता.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक विचित्र प्रकार घडला. दुपारी जेवण आटोपून मी सेटपाशी बसलो आणि धरणावरून निरोप आला, “धरणाचे सर्व दरवाजे उघडले आहेत. नदीकाठच्या गावांनी सुरक्षित जागी जावं.” तोच खणखणीत आवाज. “मेसेज मिळाला,” म्हणालो आणि पुढं कळवला. एका गावानं धान्याची पोती, शेळ्या, अंथरुणं सगळं शाळेत नेऊन ठेवलं. नदी होती तशीच राहिली. संध्याकाळी धरणावर फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, “मी काहीच पाठवलं न्हाई.”

चौकशी लागली. निरोप खोटा, मग तो दिला कुणी? आमच्या चॅनेलवर सेट असलेला कुणीही बोलू शकत होता, आणि साहेबांच्या जीपमध्ये सेट होता. जीपचे ड्रायव्हर नकला फार चांगल्या करायचे. साहेब बाहेर गेले की साहेबांची, कधी तहसीलदारांची, कधी धरणावरच्या ऑपरेटरची. आम्ही चहा पिता पिता पोट धरून हसायचो. चौकशीत मला विचारलं, “त्या आवाजात कोण बोलू शकेल?” मी ड्रायव्हरचं नाव सांगितलं. फक्त प्रश्नाचं उत्तर दिलं, असं तेव्हा मनाला समजावलं. आठवड्यात त्यांची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. लेखी आदेश आला की इथून पुढं बोलणाऱ्याची खात्री पटल्याशिवाय कुठलाही निरोप पुढं पाठवायचा नाही.

पण खात्री करायची कशी, ते आदेशात नव्हतं.

त्यानंतर ऑफिसची हवाच बदलली. खोलीत कुणी आलं की मी वही मिटायला लागलो. शिपाई दाराशी थोडा जास्त रेंगाळला की वाटायचं, हा कुणाला काय सांगतो? सेटवर मध्येच नुसतं बटण दाबल्याचा आवाज यायचा, बोलणं काही नाही. पूर्वीही येत असेल, पण आता मी दर वेळी वेळ टिपून ठेवायचो. बदली झालेल्या ड्रायव्हरला नव्या जागीही सेटवाली जीप मिळाल्याचं कानावर आलं आणि माझा संशय आणखी पक्का झाला. तिथला आवाज इथं पोचणं शक्य नव्हतं, हे मला वायरलेसवाल्याला कळायला हवं होतं. पण संशय असा हिशेब करत नाही.

ऑगस्टमध्ये पाऊस चढला. दोन दिवस धरणावर बदली माणूस बोलत होता. नेहमीचा ऑपरेटर रजेवर गेल्याचं त्यानं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी टेलिफोनची लाईन गेली. त्यानंतर थोड्याच वेळात सेट वाजला.

“अकोले, अकोले, धरणावरून. दोन दरवाजे उघडून पाणी सोडतोय. गावांना कळवा. ओव्हर.”

आवाज त्याचा नव्हता. बोलण्याची ढब त्याची होती, पण शब्द चेपलेले, आणि जिथं ‘स’ यावा तिथं शिट्टी. कुणीतरी त्याची वाईट नक्कल करावी तसा.

“कोण बोलतंय? ओव्हर.”

“मीच की. धरण. ओव्हर.”

“आवाज वेगळा येतोय. ओव्हर.”

“दात काढल्यात. कालच. तुमी आधी गावांना कळवा. ओव्हर.”

दात काढल्याची थाप कुणीही मारू शकतो, असं मला वाटलं. त्याला असं काही विचारावं, की ज्याचं उत्तर फक्त त्यालाच माहीत असेल. मी डोकं खाजवू लागलो. त्याच्या मुलीचं लग्न कुठं ठरलं, त्याचा कोणता गुडघा दुखतो, त्याला कोणती भाजी खपत नाही, सगळं मला माहीत होतं. पण ते सगळं त्यानं याच चॅनेलवर सांगितलं होतं. चॅनेल ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते माझ्याइतकंच माहीत. दोन वर्षांच्या ओळखीत आम्हा दोघांपुरती एकही गोष्ट नव्हती.

बऱ्याच वर्षांनी नाशिकला एका प्रशिक्षणात नव्या डिजिटल यंत्रणेबद्दल ऐकलं. प्रत्येक सेटला स्वतःचा क्रमांक, बोलणारा सेट कोणता ते समोरच्या छोट्या काचेवर दिसणार, आणि बोलणं असं गुंडाळून जाणार की तिऱ्हाइताला नुसती खरखर ऐकू येईल. तिथं बसल्या बसल्या मला ती दुपार आठवली. त्या दिवशी माझ्यापुढं काच नव्हती, क्रमांक नव्हता, एक शिट्टी मारणारा आवाज होता.

“खात्री पटत नाही,” मी म्हणालो. “लेखी आदेश आहे. ओव्हर.”

मग तो शांतपणे म्हणाला, “मग तुमी तरी तुमीच कशावरून? ओव्हर.”

साहेब दौऱ्यावर होते. मी शिपायाला सायकलवर नदीच्या पुलाकडं पाठवलं. सेट तीनदा वाजला, तीनदा मी “खात्री करतोय” एवढंच म्हणालो. चौथ्यांदा वाजला नाही. शिपाई नखशिखांत भिजून परत आला.

“पाणी लई चढलंय,” तो धापा टाकत म्हणाला. “घाटाच्या पायऱ्या बुडाल्या.”

तेव्हा कुठं मी निरोप पाठवला. मध्ये पाऊण तास गेला होता. माणूस कुणी गेलं नाही. पण नदीकाठची पाणी उपसायची सात-आठ इंजिनं वाहून गेली, आणि एका म्हाताऱ्याच्या दोन म्हशी. त्या म्हशी मी पुढं कितीतरी दिवस डोक्यातून काढू शकलो नाही.

पाऊस उघडल्यावर रविवारी मी प्रवाशांची जीप पकडून धरणावर गेलो. खोलीच्या दारात एक बुटका, काळासावळा माणूस तांदूळ निवडत बसला होता. गाल सुजलेला, वरचे पुढचे चार दात नाहीत. मी कोण ते सांगितलं. त्यानं बसायला पोतं टाकलं.

“माझ्यावर संशय घेतलात,” तो म्हणाला.

“आधी एकदा फसलो होतो. तुमच्याच आवाजात.”

त्यानं सूप खाली ठेवलं. मग म्हणाला, “तवा तुमी फसला न्हाईत. त्यो मीच हुतो.”

मला आधी कळेचना. मग त्यानं हळूहळू सांगितलं. पावसाळ्याआधी सरावाचा निरोप द्यायचा हुकूम होता. त्यानं चुकून तारीख एक दिवस आधीची धरली, म्हणून हा सराव असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. बटण दाबलं आणि लगेच बोलायला लागला. मधल्या डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे आवाज पुढं पोचवणारं यंत्र, जागा व्हायला क्षणभर घेतो, तेवढ्यात पहिला शब्द गेला. तो शब्द होता ‘सराव’. मी “मेसेज मिळाला” म्हणालो, त्याला वाटलं समजलं. गाव शाळेत गेल्याचं माझ्याकडून फोनवर ऐकलं आणि त्यानं सरळ नाकारलं. पेन्शनला दीड वर्ष राहिलं होतं.

“तुमाला सांगणार हुतो,” तो म्हणाला. “पण सांगू कुठं? वायरलेसवर समदे ऐकत्यात, आन् फोनवर एक्स्चेंजवाला.”

“ड्रायव्हरची बदली झाली त्यात.”

“ठाव हाय.”

“त्यांचं नाव मी घेतलं होतं.”

मला त्याचा राग आला होता, आणि राग करायचा हक्क नाही हेही कळत होतं. मी खिशातून पेन काढून त्याच्यापुढं धरलं. “तुम्ही लिहिलं नाही तर मी लिहीन,” म्हणालो. त्यानं पाण्याच्या नोंदवहीचं मागचं पान फाडलं आणि गुडघ्यावर ठेवून सगळं लिहिलं. मोडी वळणाचं, बारीक अक्षर. सही केली, शाई वाळू दिली आणि कागद माझ्या हातात दिला.

तो कागद मी साहेबांना दिला. त्याला लेखी ठपका मिळाला, पेन्शन वाचली. निरोप देताना बटण दाबून आधी तीन आकडे मोजायचे आणि मग बोलायचं, असा नियम निघाला. ड्रायव्हर दिवाळीनंतर परत आले. ते आले त्या सकाळी मी जीपपाशी गेलो. ते चाकांचा चिखल काढत होते.

“चौकशीत तुमचं नाव मी घेतलं होतं,” मी म्हणालो.

“म्हाईत हाय. साहेबांनी तुमचा जबाब वाचून दाखवल्ता.”

“चूक झाली माझी.”

“व्हय,” ते म्हणाले आणि फडकं पिळलं. त्यांच्या बादलीतलं पाणी गढूळ झालं होतं. मी ती उचलली, नळावर जाऊन भरून आणली आणि त्यांच्याजवळ ठेवली. त्यांनी वर न बघता तिच्यात फडकं बुडवलं आणि दुसऱ्या चाकाला लागले.