खलाशीचाचांचा दुसरा सांडवा

तळे काठोकाठ भरले की आमचा सारा गाव नारळ घेऊन बांधावर जाई, आणि त्या दिवशी खलाशीचाचा जेवत नसत. नव्या सांडव्याच्या उद्घाटनाला निघालेल्या स्मरणिकेत कुणा विद्वानाने त्यांना 'जलपूजक' म्हटले आहे. ते मला मान्य नाही. चाचा पाण्याला भीत असत. अणदूरकडच्या आमच्या कोरड्या मुलखात भरल्या तळ्याला भिणारा तो एकच माणूस होता. ते तळ्यावरचे सरकारी खलाशी, म्हणजे पाण्याची पातळी मोजणारे आणि बांध राखणारे नोकर. मी शाळेतून निवृत्त झालेला मुख्याध्यापक आणि पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार माझा आहे, स्मरणिकावाल्यांचा नाही.

रोज सकाळी मोजपट्टी वाचून झाली की ते सांडवा पावलांनी मोजीत. जादा पाणी बाहेर पडायला तळ्याला तेवढी एकच वाट होती. "चाचा, काल व्हता तेवढाच असंल की," असे कुणी म्हटले तर म्हणत, "रातीतून रुंद झाला असंल तर बघतो. सरकारचा काय भरवसा?" लोक हसत. पण तळ्यात गाळ साचला होता, खाली घरे थेट ओढ्याच्या पात्रापर्यंत आली होती, आणि त्या खालच्या आळीतल्या शेवटच्या घरात चाचा आणि गुडघ्यांनी खाटेला खिळवलेली चाची राहत. तळ्याकडे बघून ते म्हणत, "प्वाट लई मोठं, त्वांड बारकं. ह्याला वकारी आली तर करंल कुठनं?"

पाऊस बेताचा झाला की आम्ही सांडव्याच्या माथ्यावर मुरमाची पोती रचून पाणी हातभर चढवीत असू. रब्बीला पिकांना पाण्याची एक पाळी जादा मिळे. चाचा पहाटे फजरची नमाज आटोपून येत आणि एकेक पोते उतरवून ठेवीत. त्यावरून पोरे त्यांना 'सांड्या' म्हणू लागली. ते नाव कौतुकाचे होते, असे आता सांगितले जाते. साफ खोटे. ती शिवी होती. चाचा म्हणत, "सांड्या तर सांड्या. बुडव्या म्हनून मरायचं न्हाय मला."

दुसऱ्या सांडव्याची आखणी झाली ती तळ्याच्या डाव्या अंगाने, माझ्या शेतातून. गुरुजींनी जमीन हसत दिली, अशी आज तिथे पाटी आहे. वस्तुस्थिती अशी की ग्रामसभेत विरोध मीच केला. "दुष्काळी गावाला पाणी घालवायला दुसरे दार कशाला?" या माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या. एकटे चाचा उठले. "गुरुजी, तुमचं घर वर हाय, माझं खाली. आपल्या बोलन्यात फरक तेवढाच हाय." मागून कुणी ओरडले, "मंग वर बांधा की, चाचा!" सभा हसली. मीही हसलो. विरोधाचा ठराव माझ्या अक्षरात आहे, आणि काम त्यावरच अडले.

पुढच्याच भाद्रपदात पाऊस थांबेना. पोती मीच आठवड्यापूर्वी रचून घेतली होती. दुपारी बांधावर गेलो तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून चाचा ती उपसत होते. त्यांनी मला शिव्या घातल्या, असे म्हणतात. घातल्या नाहीत. "एक टोक धरा, गुरुजी," एवढेच म्हणाले. चार-दोन पोती हलली, बाकीची रुतून बसली होती. पाणी बांधाच्या माथ्याला टेकले तेव्हा ते म्हणाले, "खालची आळी उठवा. माझं कोन ऐकत न्हाय, तुमचं ऐकतील. आन् म्हातारीला तेवढं धरून आना."

आळी मी उठवली. माझ्या शब्दावर माणसे लेकरे उचलून निघाली. शेवटचे घर तेवढे राहिले. वाटेत गुडघ्यापर्यंत पाणी चढले होते आणि ओढ्याचा आवाज बदलला होता. मी तिथूनच मागे फिरलो. दारापर्यंत गेलो नाही, हाकसुद्धा मारली नाही. थोड्याच वेळात बांध डाव्या अंगाला फुटला. आळी वाचली, चाची गेली. ती शेळ्यांसाठी परत फिरली, असे छापून आले आहे. जिला खाटेवरून उठता येत नव्हते, ती परत कुठून फिरणार?

नंतर दुसरा सांडवा झाला. जमीन मी दिली, कारण नाही म्हणायला मला तोंड उरले नव्हते. काम पुरे होईतो चाचा गावात राहिले आणि मग जळकोटला लेकीकडे निघाले. एसटीच्या थांब्यावर मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी विचारले, "गुरुजी, दारापातूर गेला व्हता न्हवं तुमी? हाक मारली व्हती?"

"मारली होती, चाचा."

"तिनं वो दिली?"

"दिली."

त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मंग बरं. आपुन येकटी हाय असं वाटलं नसंल तिला."

गाडी आली. त्यांची पिशवी मी आत नेऊन दिली. जळकोट आमच्या गावापासून लांब नाही. चाचा तिथे वारले. तोवर मी एकदाही तिकडे गेलो नाही.