केनियाची गोष्ट आणि तोंडावरची बोटं

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी मी लहान मुलांना देशोदेशीची गाणी आणि गोष्टी ऐकवते. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी बसून टीव्हीवर चिडण्यापेक्षा हे बरं. "आधी त्यांना रामरक्षा येऊ दे, मग आफ्रिका-अमेरिका," असं एक आजोबा मला जिन्यात ऐकवायचे. "तुम्हाला पाठ आहे ना? मग या शिकवायला," असं म्हटल्यापासून ते लिफ्टने जातात.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत केनियाचं एक कुटुंब राहायला आलं. नवरा खराडीला नोकरीला, बायको घरी, आणि पाच वर्षांची मुलगी. मुलं तिच्याशी वाईट वागत नव्हती, पण खेळायलाही बोलवत नव्हती. ती घसरगुंडीपाशी एकटी उभी राहायची आणि आई बाल्कनीतून बघत राहायची. मला ते बघवेना. एक दिवस वर जाऊन आईला म्हटलं, "या शनिवारी तुम्हीच या, तुमच्याकडची गोष्ट सांगा." ती बिचकली. मग मुलीकडे बघून हो म्हणाली.

शनिवारी तिने आधी गाणं म्हटलं. माझी पेटी त्या सुरांशी काही केल्या जमेना, म्हणून मी ती मुकाट्याने मिटली आणि टाळ्या वाजवायला लागले. मुलं रंगली. गोष्टीची वेळ झाली, तेव्हा पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून मी नेहमीचा हुकूम सोडला, "हाताची घडी, तोंडावर बोट!" सगळी चिडीचूप. मला कोण अभिमान वाटला!

तिने मोठ्याने विचारलं, "हादिथी, हादिथी?" कुणी हूं की चूं केलं नाही. तिने पुन्हा विचारलं. बोटं ओठांवर घट्ट. तिसऱ्या वेळी तिचा आवाज उतरला. माझ्याकडे वळून ती इंग्रजीत म्हणाली, "यांना गोष्ट नको आहे. आमच्याकडे सांगणारा अशी हाक देतो आणि ऐकणारे 'हादिथी न्जो' म्हणतात. म्हणजे, 'ये गं गोष्टी'. त्यांनी बोलावल्याशिवाय गोष्ट सुरू करत नाहीत."

मग तिची नजर पुढच्या रांगेत गेली. तिची स्वतःची मुलगी, जिला हे उत्तर बोलायला लागल्यापासून येत असणार, तीही हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती. अगदी इतरांसारखी. आईने पर्स उचलली.

गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा असतो, हे आपल्याकडे तरी कुठे वेगळं आहे? "बोटं खाली!" मी ओरडले. "आज गप्प बसेल त्याला गोष्ट नाही." मग कुरकुरणारे गुडघे मोडून त्या छोटीसमोर बसले आणि म्हटलं, "बाळा, आम्हाला हे येत नाही गं. तू शिकव."

तिने आईकडे बघितलं, मुलांकडे बघितलं. बोट हळूच खाली आलं. बारीक आवाजात ती म्हणाली, "हादिथी न्जो." मुलांनी तसंच, बारीक आवाजात म्हटलं.

"असं नाही," ती उठून उभी राहिली. "जोरात!"

तिचं मराठी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. हॉल दणाणला. आईने पर्स खाली ठेवली आणि एका लबाड सशाची गोष्ट सुरू केली.

आता आमच्याकडे जपानची गोष्ट असो की पेरूची, मुलं आधी 'हादिथी न्जो' म्हणून तिला बोलावतात. त्या मायलेकींचे माझ्यावर उपकार आहेत. इतकी वर्षं मुलांना गप्प बसवून मी शिकवत आले, आणि या दोघींमुळे उतारवयात मला गोष्ट सांगायची खरी गंमत कळली.

त्या दिवशी गोष्ट संपताच मुलं ओरडत खाली बागेत पळाली, ती छोटीही त्यांच्यात. हॉलमध्ये आम्ही दोघीच उरलो. लेकीची पाण्याची बाटली हातात घेऊन आई खिडकीशी उभी होती.

"मला सांगूनसुद्धा गेली नाही," ती म्हणाली, आणि डोळे पुसत हसायला लागली.