दवाखान्यातला नंबरांचा बोर्ड

टक्! आकडा बदलला की बोर्डाच्या पोटातून असा आवाज यायचा. इतकी वर्षं झाली, अजून कानात आहे. एका टेबलाभोवती तीन माणसं सोल्डरिंग करत बसली की किस्से जमतातच. हात अडकलेले, तोंड मोकळं!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सोलापुरात आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मालक व्यंकण्णा, कारागीर सलीमभाई आणि हरकाम्या मी. एका डॉक्टरांनी काम दिलं. आत त्यांनी टेबलावरची बटणं दाबायची, बाहेर पेशंटचा नंबर दिव्यांनी उमटायचा.

व्यंकण्णाचे वडील चादरी विणायचे. पोरानं माग सोडला तेव्हापासून त्याच्याशी बोलत नव्हते. आईकडून निरोप तेवढा आला होता, "बोर्ड चालला तर ठीक, नाहीतर परत मागावर बस." व्यंकण्णाला चैन नव्हती. चहासुद्धा उभ्यानं प्यायचा.

*

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी एकचं बटण दाबलं. बोर्डावर अकरा! बटणाची पट्टी आत थरथरायची आणि बोर्ड एका दाबाचे दोन धरायचा. अकरावा पेशंट नुकताच आलेला, तो खुशीत आत गेला. पहाटेपासून बसलेला पहिला ओरडला, "आमी काय फुकट आलोय व्हय?"

सलीमभाई म्हणाले, "व्यंकू, तेरा बटन हकलाता रे!"

*

ते सुधारलं, तर आठातली मधली रेघ विझली. आठ नंबरच्या आजीनं वर बघितलं, शून्य!

"शून्य म्हंजी औषध संपलं की," असं म्हणून तिनं पिशवी उचलली आणि मैंदर्गीची एसटी गाठायला निघाली. कंपाउंडर स्टँडपर्यंत मागं पळाला!

*

पेशंट वर बघत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी बोर्डाला घंटा जोडायला सांगितली. जोडली. घंटेच्या झटक्यानं आकडाच पळायला लागला! चार दाबावं, घंटा वाजावी, सत्तावीस!

दुसऱ्या दिवशी दारात घोळका. आजारी एकही नाही.

कंपाउंडर वैतागला, "हितं कशाला थांबलाय?"

"ओपन काय लागतंय बघतोय की!"

डॉक्टर बाहेर आले. "व्यंकण्णा, मला दवाखाना चालवायचाय, मटका नव्हे! शनिवारी नीट झालं नाही तर बोर्ड उतरवून न्या."

*

शनिवारी व्यंकण्णा स्टुलावर चढून घंटेला वेगळी लाइन देत होता. बोर्ड उघडा, वायरींचा गुंता खाली लोंबतोय. सलीमभाई हळूच म्हणाले, "व्यंकू, पीछे मत देख."

त्यानं बघितलंच. बाकावर त्याचे वडील बसले होते, खोकत. हातात सहा नंबरचा बिल्ला.

व्यंकण्णाच्या हातातला पाना दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा मी उचलून दिला.

आत डॉक्टरांनी बटण दाबलं. सहा उमटला. घंटा वाजली. सहाच राहिला!

"चच्चा, आपका नंबर," सलीमभाई म्हणाले.

म्हातारा उठला, पण डॉक्टरांच्या दाराकडे गेला नाही. बोर्डाखाली उभा राहून वायरींकडे बघत राहिला. मग खिशातून सुताची गुंडी काढली. एकेक वायर बोटांनी सोडवून सरळ केली, सगळ्या शेजारी शेजारी लावल्या आणि चार चार बोटांच्या अंतरावर गाठी मारत गेला. सूत दातांनी तोडलं. शेवटची गाठ ओढून बघितली.

"नायना..." व्यंकण्णानं स्टुलावरूनच बापाला हाक मारली.

वडिलांनी बिल्ला बाकावर ठेवला, गुंडी खिशात टाकली आणि पायऱ्या उतरून गेले.